तोंड आलें तेव्हां

मराठी भाषेंत तोंडाविषयीं जितके वाक्प्रचार आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याहि अवयवाविषयीं क्वचितच असतील. तोंड देणें, तोंड चुकविणें, तोंड लपविणें, तोंडघशीं पडणें, असे कितीतरी प्रयोग आम्हीं तीस-बत्तीस वर्षें वर्गांतल्या फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून त्यांचे वाक्यांत उपयोग करून घेतले. त्यांतला 'तोंड येणें' हा प्रयोग मात्र असा आहे कीं, त्याचा अर्थ स्वतःवर प्रसंग आल्यावांचून नीट कळत नाहीं. आमचें तोंड आलें तें साठी उलटल्यावर, आणि तेंहि परमुलुखांत. आणि त्या निमित्तानें बाकीच्या वाक्प्रचारांपैकीं दोन-तीन आम्हांस प्रत्यक्ष जगून पाहावे लागले. ती हकीकत सांगण्यासारखी नाहीं असें कांहीं दिवस वाटत होतें. आतां ती सांगितलीच पाहिजे असें वाटतें. कारण न सांगण्यानें काय होतें तें आमच्या घराण्यानें एकदां पाहिलें आहे.

प्रथम कबुली. आम्ही चाळीस वर्षें धूम्रपी होतों. ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहांत एका मित्राच्या आग्रहावरून ओढलेली पहिली सिगारेट आम्हांस खोकल्यापलीकडे कांहीं देऊन गेली नाहीं; पण दुसरी, तिसरी असें करतां करतां दिवसास दहा-बारांचा क्रम केव्हां ठरून गेला तें समजलें नाहीं. शाळेच्या विहिरीमागें विड्या ओढणाऱ्या पोरांच्या हातावर आम्हीं छड्या मारल्या आहेत. आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं गांवाबाहेरच्या ओढ्याच्या पुलावर उभें राहून, चारहि दिशा न्याहाळून, आपली सिगारेट पेटविली आहे. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण फळ्यावर लिहितांना आमचा हात किंचित् थबकत असे, एवढीच काय ती सदसद्विवेकबुद्धीची खूण आमच्यापाशीं उरली होती.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्या घरांत सिगारेट निंद्य होती. तंबाखू निंद्य नव्हती. आजोबांच्या बैठकीजवळ तपकिरीची चांदीची डबी असे. आजी पहांटे मशेरी लावून मगच चुलीकडे वळे. दुपारच्या जेवणानंतर पानाच्या तबकांत सुपारी, कात व चुना यांच्या शेजारीं तंबाखूची पूड मानानें बसलेली असे. कोणीं हरकत घेतलीच, तर आजोबा चरकाचा आधार देत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत धूमपानाचा विधि सांगितला आहे हें खरें. परंतु तो धूम औषधी द्रव्यांच्या वर्तीचा; तंबाखूचा नव्हे. तंबाखू ही मूळची अमेरिकेंतील वनस्पति. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, आणि अकबर बादशहाच्या दरबारांत ती असद बेगानें नेली ती आपल्या दक्षिणेंतल्या विजापुराहून, सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं. शिवाय औषधी धूमहि अकालीं व अतिप्रमाणांत घेतल्यास बहिरेपणा, आंधळेपणा, मुकेपणा व भ्रम असे विकार होतात, असें त्याच अध्यायांत चरकानें बजावलें आहे. तेवढा भाग आमच्या घरीं कोणी वाचून दाखवीत नसे.

आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणत असूं, ते या तबकाचे वारस. सिगारेटीस त्यांनीं जन्मांत कधीं स्पर्श केला नाहीं; आमच्या अंगास धुराचा वास आला कीं ते नाक मुरडीत. पण जेवण झालें कीं चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट डाव्या गालांत धरावयाची, आणि ती तेथेंच तासभर मुरूं द्यावयाची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. इ. स. २००८ च्या दिवाळींत त्यांस त्याच गालांत आंतून एक लहानसा व्रण झाला. दुखत फारसा नव्हता. घरांतलीं सर्व माणसें म्हणालीं, 'उष्णता झाली.' मग गुलकंद झाला, साजूक तूप झालें, जाईचा पाला चावून झाला. दादा तो व्रण कोणास दाखवीत नसत. विचारलें तर 'बरा आहे' म्हणत. असे पांच महिने गेले. पुढें तोंड पुरतें उघडेना, तेव्हां त्यांस मुंबईस नेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच कीं, 'हें केव्हांपासून आहे?' आणि उत्तर देतांना घरांतलें कोणीहि एकमेकांकडे पाहूं शकलें नाहीं. शस्त्रक्रिया झाली, परंतु फार उशीर झाला होता. पुढच्या वर्षाच्या आंतच दादा गेले. तेरावें आटोपल्यावर घरांतलें तबक माळ्यावर गेलें. आमची सिगारेट मात्र चालूच राहिली. कारण ती तंबाखू चघळणें नव्हे, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली होती.

इ. स. २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब मुलाकडे इंग्लंडांत, रेडिंग शहरीं, सहा महिन्यांकरितां गेलों. तेथें आमच्या व्यसनाची फार पंचाईत झाली. घरांत धूर चालत नाहीं; मागल्या अंगणांत पावसाच्या भुरभुरींत उभें राहावें लागे. चार वर्षांचा नातू खिडकीच्या कांचेस नाक लावून विचारी, 'आजोबांना बाहेर कां काढलंय?' शिवाय वीस सिगारेटींच्या एका पाकिटास दहा पौंडांहून अधिक किंमत. पौंडाचे रुपये करण्याची संवय सुटलेली नसल्यामुळें प्रत्येक झुरका हिशेबानिशीं घशाखालीं उतरूं लागला. अखेर एके दिवशीं चिरंजिवानें एक पेटी आणून पुढें ठेविली आणि म्हणाला, 'बाबा, एकदम सोडा असं मी म्हणत नाही. पण निदान जाळणं तरी थांबवा.'

पेटींत विजेची सिगारेट होती. फाउंटनपेनाहून जराशी जाड अशी ती नळी. तिच्या पोटांत एक लहानशी बॅटरी, एक तारेचें वेटोळें, त्यास वेढलेला कापूस, आणि एक इवलीशी टांकी. टांकींत भरावयाचा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि सुवासिक अर्क यांचें मिश्रण. झुरका घेतला कीं तार तापते, कापसांतला द्रव तिच्यावर उडून त्याचे सूक्ष्म तुषार होतात, आणि तेच आपण ओढून घेतों. लोक त्यास वाफ म्हणतात. सिगारेटचें टोंक झुरक्यासरशीं सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें, आणि त्या जळण्यांतून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व हजारों रासायनिक द्रव्यें निघतात. त्यांतलीं सुमारें सत्तर कर्करोगकारक आहेत. या नळींत ज्वलन नाहीं, म्हणून डांबर नाहीं. निकोटीन मात्र आहे. म्हणजे बेडी तीच, फक्त ती गंजलेली नाहीं, इतकाच काय तो भेद.

हें यंत्र इ. स. २००३ च्या सुमारास होन लिक नांवाच्या एका चिनी औषधतज्ज्ञानें सिद्ध केलें. तो स्वतः धूम्रपी होता. इंग्लंडांतील वैद्यकीय मंडळींनीं या साधनाकडे व्यसनमुक्तीची काठी म्हणून पाहिलें आहे. तेथील सार्वजनिक आरोग्यखात्याच्या इ. स. २०१५ च्या अहवालांत, हें साधन सिगारेटपेक्षां सुमारें ९५ टक्क्यांनीं कमी हानिकारक असावें असा अंदाज दिला होता. त्या आंकड्यावर पुढें वादहि पुष्कळ झाला. इ. स. २०२३ च्या एप्रिलांत तर दहा लक्ष धूम्रपींना हें साधन पुरवून सिगारेट सोडावयास लावण्याची योजना तेथील सरकारनें जाहीर केली. निर्बंधहि आहेतच: द्रवांत दर मिलिलिटरास २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन असतां कामा नये, आणि अठरा वर्षांखालील मुलांस तें विकतां येत नाहीं. चिरंजिवानें हें सर्व आम्हांस एखाद्या विद्यार्थ्यास समजवावें तसें समजाविलें. काळाची गंमत अशी असते.

दुकानांत शेंकडों सुवास होते. आंबा, पुदिना, कलिंगड, आणखी कसकसले. आम्हीं निवडला तो दालचिनीचा. कारण त्याचा वास घेतांच घरच्या गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखें वाटलें. परदेशांत माणूस वासावर फसतो. पहिले चार-पांच दिवस मोठ्या ऐटींत गेले. सिगारेट आम्हीं पूर्णपणें बंद केली होती. अंगण सुटलें, खोकला कमी झाला, आणि सूनबाईनें न बोलतां त्या दिवशीं शिरा केला.

सहाव्या दिवशीं सकाळीं चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंडांत निखारा पडल्यासारखें झालें. आरशांत पाहिलें तों जिभेच्या कडेस आणि खालच्या ओठाच्या आंत तीन वाटोळे व्रण. मध्यें पांढुरके, भोंवतीं लाल कडा. टाळू कोरडी पडलेली, हिरड्या चुरचुरणाऱ्या, घशांत खरखर. दोन दिवसांनीं चवथा व्रण झाला, आणि तो झाला डाव्या गालांत.

वाचकहो, त्या चवथ्या व्रणाविषयीं आम्ही अधिक काय सांगावें! जिभेचें टोंक दिवसांतून शंभर वेळां तेथें जाई. न्हाणीघराचा दरवाजा लावून, तोंड वांकडें करून, आरशांत तो किती वाढला हें आम्ही पाहात असूं. आणि आरशांत आम्हांस आमचा चेहरा न दिसतां दादांचा दिसे. तरी हें कोणास सांगितलें का? नाहीं. तोंड आलें आणि आम्हीं तोंड लपविलें. दादांनीं जें केलें म्हणून आम्ही पंधरा वर्षें मनांतल्या मनांत त्यांस दोष देत आलों, तेंच आम्हीं अक्षरशः केलें. माणूस दुखणें कां लपवितो हें तेव्हां आम्हांस कळलें. त्यास दुखण्याचें भय नसतें. दुखण्यास नांव मिळण्याचें भय असतें.

आमच्या कुटुंबाच्या नजरेंतून मात्र कांहीं सुटलें नव्हतें. ती म्हणाली, 'अहो, उष्णता झाली असेल. जिरं-खडीसाखरेचं पाणी देऊं का?' तिचा हेतु काय वाईट होता? पण 'उष्णता झाली' हे शब्द कानीं पडतांच आमच्या हातांतला पेला थरथरला. त्याच दुपारीं आम्ही फिरावयास म्हणून निघालों आणि कोपऱ्यावरच्या दुकानांतून सिगारेटचें एक पाकीट घेतलें. तर्क असा कीं, चाळीस वर्षें सिगारेट ओढली तेव्हां तोंड कधीं आलें नाहीं. ही नळी धरली आणि आठवड्याच्या आंत आलें. तेव्हां दोष नळीचा, आणि जुनी सिगारेटच बरी. तर्कशास्त्रांत यास काकतालीय म्हणतात, हें आम्हीच मुलांना शिकविलें होतें: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. बागेंतल्या बांकावर बसून आम्हीं एक सिगारेट अर्धी ओढली. व्रणांवरून तो धूर गेला तेव्हां डोळ्यांत पाणी आलें. तें सगळेंच कांहीं वेदनेचें नव्हतें.

रात्रीं जेवतांना सूनबाईनें वाढलेली आमटी आम्हीं बाजूस सारली आणि नुसता दहींभात कालविला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'बाबा, चार दिवस झाले, तुम्ही तिखटाला हात लावला नाहीत. तोंड उघडा बघूं.' जिनें आजवर आमच्यापुढें मोठ्यानें शब्द काढला नाहीं, ती भर पंक्तींत अशी बोलली. आम्हीं 'कांहीं नाहीं' म्हटलें. त्यावर नातवानें आपल्या खेळण्यांतला विजेचा दिवा आणून तिच्या हातांत दिला. चार वर्षांच्या मुलाच्या देखत किती नाटक करणार? आम्हीं तोंड उघडलें. आणि मग दादांची सारी गोष्ट, जी त्या मुलीनें कधीं पुरती ऐकली नव्हती, ती आम्हीं त्या ताटावर बसून सांगितली. पाकिटाची गोष्टहि सांगितली.

दुसऱ्या दिवशीं तिनें एका दंतवैद्य बाईंची वेळ ठरविली. बाईंनीं ओठ उलटून, गाल ताणून, जीभ कापडानें धरून दोन्ही बाजूंस ओढून, जिभेखालीं आरसा घालून, मानेवरच्या गांठी बोटांनीं चांचपून, सर्व पाहिलें. मग त्यांनीं तीन प्रश्न विचारले: सिगारेट केव्हां सोडली? द्रवाचा सुवास कोणता? पाणी किती पितां? आम्हांस वाटलें, एवढ्या मोठ्या भयास हे केवढे क्षुल्लक प्रश्न! पण उत्तर त्यांतच होतें.

त्यांनीं सांगितलें त्याचा सारांश असा. सिगारेटच्या धुरानें तोंडांतील नाजूक अंतस्त्वचा वर्षानुवर्षें माराला तोंड देतां देतां जाड आणि निबर होते. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यास घट्टे पडावे तशी. त्या निबरपणामुळें धूम्रपींचें तोंड सहसा येत नाहीं. धूर बंद झाला कीं ती त्वचा पुनः मूळच्या कोंवळेपणावर येऊं लागते, आणि त्या संधिकालांत व्रण उठतात, असें मानतात. एका ब्रिटिश पाहणींत सिगारेट सोडणाऱ्या दर पांच जणांमागें सुमारें दोघांस हा त्रास झाल्याचें आढळलें. बहुतेकांस पहिल्या दोन आठवड्यांत, आणि पुष्कळांचा तो महिन्याभरांत गेला. कांहीं न ओढतां नुसती सिगारेट सोडणाऱ्यांसहि तो होतो. म्हणजे ज्या व्रणांसाठीं आम्हीं नळीस दोषी ठरविलें, त्यांपैकीं कांहीं तरी सिगारेट सोडल्याची पावती होते.

पण नळीहि निर्दोष नव्हती. प्रॉपिलीन ग्लायकॉल ओलावा शोषून घेतें. त्यानें तोंड व घसा कोरडा पडतो. लाळ ही तोंडाची राखणदार. ती आटली कीं लहानसा ओरखडाहि चिघळतो. निकोटीनची मात्रा अधिक झाली तर घसा चुरचुरतो. आणि आमची ती प्रिय दालचिनी! तिच्या सुवासाचें सार म्हणजे सिनॅमाल्डिहाइड नांवाचें द्रव्य, आणि तें तोंडाच्या त्वचेस झोंबणारें म्हणून दंतवैद्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. दालचिनीचें च्युइंगगम सतत चघळणाऱ्यांचीं तोंडें त्यानें लाल होतात. मसाल्याच्या डब्यांत जी चिमूटभर शोभते, तिची वाफ दिवसांतून दोनशें वेळां गालांवर मारली तर गालांनीं काय करावें?

उपाय साधे होते. दालचिनीचा द्रव टाकून द्यावयाचा, आणि बिनवासाचा, ग्लिसरीन अधिक व ग्लायकॉल कमी असलेला घ्यावयाचा. ग्लिसरीनहि तोंड कोरडें करतेंच, पण त्याचा चुरचुराट सौम्य. दर कांहीं झुरक्यांमागें पाण्याचा घोट. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसांतून तीन-चार वेळां. तिखट, आंबट व कढत पदार्थ कांहीं दिवस वर्ज्य. फेंस करणारें सोडियम लॉरिल सल्फेट ज्यांत नाहीं अशी दांतांची पेस्ट, कारण तें कांहीं जणांचे व्रण चाळवितें. पण निरोप देतांना बाईंनीं जें सांगितलें तें या सर्वांहून मोलाचें होतें. त्या म्हणाल्या, 'दोन गोष्टी लक्षांत ठेवा. या व्रणांच्या त्रासानें सिगारेटकडे परत जाऊं नका. पुष्कळ लोक येथेंच फसतात. आणि कोणताहि व्रण तीन आठवड्यांत भरून आला नाहीं, तर तो कितीहि लहान असो, दुखो वा न दुखो, मला पुनः दाखवा.' तोंडांतला पांढरा किंवा लाल चट्टा, गांठ, सुन्नपणा, गिळतांना अडखळणें, हींहि तशींच दाखविण्याचीं लक्षणें आहेत असें त्यांनीं सांगितलें. बागेंतल्या पाकिटांतल्या उरलेल्या एकोणीस सिगारेटी सूनबाईनें त्याच रात्रीं पाण्यांत भिजवून कचऱ्यांत टाकल्या. पौंडाचे रुपये त्या दिवशीं आम्हीं केले नाहींत.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आम्हीं व्रणाचे दिवस मांडले. जिभेचे दोन दहाव्या दिवशीं गेले. ओठाचा बाराव्या दिवशीं गेला. डाव्या गालांतला मात्र हटेना. चवदा झाले, सोळा झाले. नातू रोज रात्रीं झोपण्यापूर्वीं आपला दिवा घेऊन येई, 'आ करा' म्हणे आणि गंभीरपणें 'थोडा आहे' असा निकाल देई. एकोणिसाव्या दिवशीं सकाळीं जीभ संवयीनें त्या जागीं गेली, आणि तिला तेथें कांहीं सांपडलें नाहीं. आम्हीं खात्री करण्यासाठीं आरसा घेतला. गाल गुळगुळीत होता. देवापुढें जाऊन बसलों, पण संध्या सुचेना. दादांची फार आठवण झाली. त्यांच्या व्रणावर तिसऱ्या आठवड्यांत कोणी एवढा दिवा धरला असता तर?

पुढला भाग थोडक्यांत सांगतों. नळीस कायमचें घर द्यावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें. त्यास एक बळकट कारणहि होतें. आपल्या देशांत या वस्तूचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात यांवर इ. स. २०१९ च्या सप्टेंबरांत वटहुकुमानें बंदी आली, आणि त्याच वर्षीं तिचा कायदा झाला. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जन्मभर नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसानें विमानतळावर खिशांत चोरटी वस्तु घेऊन उतरावें काय? तेव्हां परतीचें तिकीट हीच आमची मुदत ठरली. द्रवांत प्रथम दर मिलिलिटरास १२ मिलिग्रॅम निकोटीन होतें. तें जुलैंत ६, सप्टेंबरांत ३, आणि ऑक्टोबरांत शून्य केलें. शून्याच्या द्रवाचे झुरके घेतांना आपण नुसता हात हालवीत आहों हें ध्यानीं आलें, आणि नळी आपोआप मागें पडली. नोव्हेंबरांत ती तेथेंच, बॅटरी घेणाऱ्या पेटींत टाकून, आम्ही मुंबईस उतरलों.

या लेखावरून कोणीं असा निष्कर्ष काढूं नये कीं आम्ही त्या यंत्राची शिफारस करीत आहों. जुन्या धूम्रपीस पलीकडच्या तीरास नेणारी ती एक होडी होऊं शकते, आणि निकोटीनच्या च्युइंगगम वा पट्ट्यांपेक्षां तिच्या साहाय्यानें अधिक लोक सिगारेट सोडतात असें संशोधनाच्या मोठ्या आढाव्यांत दिसूनहि आलें आहे. परंतु जो मुळांत नदींत उतरलाच नाहीं त्यानें होडींत बसण्याचें कारण काय? इ. स. २०१९ मध्यें अमेरिकेंत अशा नळ्यांतून गांजाच्या अर्काचा भेसळयुक्त द्रव ओढून शेंकडों तरुणांचीं फुप्फुसें निकामी झालीं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रुग्णालयांत दाखल झालेल्यांचा आंकडा २,८०० च्या वर गेला आणि ६८ जण दगावले. तेथें मुख्य दोषी ठरलें तें द्रवांत मिसळलेलें व्हिटॅमिन ई ॲसिटेट. आपल्याकडे बंदीमुळें जें मिळतें तें चोरबाजारांतलें; त्यांत काय आहे हें विकणाराहि जाणत नाहीं. आपल्या डॉक्टरांकडे निकोटीनचें च्युइंगगम आहे, पट्ट्या आहेत, औषधें आहेत. सोडूं इच्छिणाऱ्यानें त्या वाटेनें जावें. आणि सोडल्यावर तोंड आलें तर घाबरून परत फिरूं नये.

परंतु आम्हांस खरें सांगावयाचें आहे तें व्यसनापेक्षां निराळें आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत कोणाचा पाय मुरगळला तर सारें घर तेल घेऊन धांवतें. पण तोंडांतला व्रण हा ज्याचा त्यालाच ठाऊक. वडील माणसानें तो दाखविणें हा कमीपणा वाटतो, आणि धाकट्यांनीं विचारणें हा आगाऊपणा ठरतो. 'उष्णता झाली' या दोन शब्दांखालीं आपण काय काय झांकून ठेवतों! बहुतेक वेळां ती खरोखरच किरकोळ बाब असते, हें आमच्याच अनुभवानें सिद्ध आहे. पण किरकोळ कोणती आणि घातक कोणती, हें लपविणाऱ्यास ठरवितां येत नाहीं, पाहणाऱ्यास येतें.

म्हणून आम्हीं गांवीं परतल्यावर एक नवा परिपाठ घातला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं, जेवणापूर्वीं, ओसरीवर उजेडांत बसून घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसानें 'आ' करावयाचा. दादांचा मुलगा अजून चोरून सुपारी खातो. तो पहिल्या खेपेस रागावला. त्यास आम्हीं उपदेश केला नाहीं. आधीं आपलें तोंड उघडून दाखविलें, आणि दिवा त्याच्या हातीं दिला.